नॉक्सव्हिलची माती, न्यूटनचं डांबर: आयरेसिंगवरचं माझं दीड वर्ष

१६ जून २०२४ च्या रात्री न्यूटनच्या आयोवा स्पीडवेवर नॅसकार कपची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या सर्वांत वरच्या मालिकेची, पहिलीवहिली शर्यत झाली आणि रायन ब्लेनी जिंकला. त्या दिवशी फादर्स डे होता. माझ्या बाजूला आमचे शेजारी बसले होते. वय बहात्तर, तरुणपणी स्प्रिंट कारच्या (मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या हलक्या, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या) एका टीममध्ये चाकं बदलायचं काम केलेले. रायनची गाडी शेवटच्या वळणातून बाहेर पडली, सगळं स्टँड ओरडत उठलं, आणि हे मात्र हात खाली सोडून उभे राहिले. म्हणाले, "डेव्हला हे कधी मिळालं नाही."

डेव्ह म्हणजे डेव्ह ब्लेनी, रायनचे वडील. वर्ल्ड ऑफ आउटलॉज या स्प्रिंट कारच्या मालिकेचे १९९५ चे विजेते आणि नॉक्सव्हिल नॅशनल्स या तिच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीचे १९९७ चे विजेते. पंख लावलेल्या स्प्रिंट कारच्या दुनियेत यापेक्षा मोठं जिंकायला फारसं काही उरत नाही. मग ते स्टॉक कारकडे, म्हणजे डांबरावर धावणाऱ्या जड, बंद गाड्यांकडे, गेले, कप मालिकेत चारशेहून जास्त शर्यती धावले आणि त्यांतली एकही जिंकले नाहीत. मुलगा २०२३ चा कप विजेता झाला. रायनची आई आयोवातल्याच चॅरिटनची, त्यामुळे त्या रात्री न्यूटनला त्याचं आजोळ लोटलं होतं. घरी येताना गाडीत आम्ही दोघंही फार बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: एवढ्या तयारीच्या हातांना चारशे शर्यतींत नक्की काय जमलं नाही?

त्या प्रश्नापायी मी आयरेसिंगचं, म्हणजे घरी बसून संगणकावर खऱ्यासारख्या शर्यती चालवायच्या ऑनलाइन सेवेचं, सदस्यत्व घेतलं. आता दीड वर्ष झालं. तळघरात आठवड्याचे पाच-सहा तास जातात. ज्यांना स्प्रिंट कारमधून स्टॉक कारमध्ये जाणं म्हणजे काय हे आतून समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ग्राफिक्स कसे आहेत, कुठला स्क्रीन घ्यावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यातलं कळतही नाही.

थोडं माझ्याबद्दल. मी डी मॉइनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत शनिवारी सुट्टी मिळाली की नॉक्सव्हिलला जायचं, असं आठ वर्षं चाललंय. मुलगा इंजिनिअरिंगला एम्सला गेला आणि त्याचा सगळा रिग घरी राहिला. लोखंडी चौकट, खोलगट सीट, जोर लावणारं स्टिअरिंग, तीन पेडल, वळणदार रुंद स्क्रीन. "आई, विकून टाक, मला आता वेळ नाही," म्हणाला. मी फक्त धूळ पुसली आणि बसून बघितलं.

आयरेसिंग सुरू झालं २००८ मध्ये. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री या दोघांनी उभी केलेली ही कंपनी. केमर म्हणजे पपायरस या कंपनीचे, जिचे नॅसकारचे खेळ नव्वदच्या दशकात संगणकावर खेळलेले लोक अजून प्रेमाने आठवतात. मातीचे ट्रॅक इथे आले २०१७ ला. ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले असतात, म्हणजे डांबरातला उंचवटा खऱ्या जागी असेल तर तो इथेही तिथेच लागतो. वर्गणी महिन्याने किंवा वर्षाने भरायची. त्यात काही गाड्या आणि ट्रॅक येतात, बाकी एकेक विकत घ्यायचे: मी घेतले तेव्हा गाडी १२ डॉलरच्या आसपास आणि ट्रॅक १२ ते १५ च्या दरम्यान होता. एकदा घेतलं की वर्गणी चालू असेपर्यंत ते आपलंच. मला तीन स्प्रिंट कार, एक कप गाडी, नॉक्सव्हिल, एल्डोरा, आयोवा, होमस्टेड आणि शार्लट एवढं पुरलं. नोकरदार माणसाला परवडतं, पण हळूहळू घ्या. सगळं एका दिवशी घ्यायची काहीच गरज नाही. एका ट्रॅकवर दोन महिने सहज जातात.

(ब्रेकचं पेडल मात्र बदलावं लागलं. जुन्याचा सेन्सर मधूनच सुटायचा. ऑनलाइन ज्याच्याकडून बदली मागवली त्याने सहा आठवडे लावले आणि चुकीचा भाग पाठवला. सुटे भाग घेताना परतीची अट आधी वाचा.)

सुरुवात मी नॉक्सव्हिलपासून केली, दुसरीकडून करणं शक्यच नव्हतं. अर्ध्या मैलाचा ट्रॅक, काळी माती, आणि दुसऱ्या वळणाबाहेर स्प्रिंट कारचं राष्ट्रीय म्युझियम. स्टँडमधून हजार वेळा बघितलेलं वळण आत बसून पहिल्यांदा घेताना माझ्या अंगावर काटा आला होता, हे सांगायला मला संकोच नाही.

स्प्रिंट कार ही विलक्षण वस्तू आहे. ४१० घनइंचांचं इंजिन, मेथेनॉलवर चालणारं, ताकद सुमारे ९०० हॉर्सपॉवर, आणि अख्खी गाडी ड्रायव्हरसकट १,४०० पौंडांच्या आसपास. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, स्टार्टरही नाही. ट्रकने मागून ढकलून ती चालू करतात. मागची दोन्ही चाकं एकाच ताठ आसावर, आणि उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं. त्यामुळे गाडी सरळ रेषेतही डावीकडेच ओढत असते. वर पाच फूट लांब, पाच फूट रुंद पंख. असल्या गाडीला स्टिअरिंगने वळवायचं नसतं. वळणाच्या तोंडाशी क्षणभर पाय उचलायचा, नाक आत पडू द्यायचं, आणि मग पुन्हा पाय दाबून मागच्या चाकांना बाहेर सरकवत, स्टिअरिंग उजवीकडे धरून, गाडी आडवी ठेवतच वळण संपवायचं. दिशा उजव्या पायात असते.

मी ३०५ च्या लहान इंजिनापासून सुरुवात केली, मग ३६०, आणि पाच महिन्यांनी ४१०. आयरेसिंगने सगळ्यात सुंदर उतरवली आहे ती माती. संध्याकाळी पहिल्या हीटला, म्हणजे प्राथमिक फेरीला, ट्रॅक ओला असतो, कुठूनही पकड मिळते. गाड्या फिरतील तशी खालची रेषा कोरडी पडते, चकचकीत होते, आणि उडालेली माती वर भिंतीजवळ साचून कडा तयार होतो. त्याला कुशन म्हणतात. फीचरपर्यंत, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यतीपर्यंत, वेगाची रेषा त्या कड्यावर जाऊन बसते. उजवं मागचं चाक कड्याला टेकवून गाडी त्याच्या आधाराने फिरवायची. बोटभर आत राहिलात तर घसरता, बोटभर बाहेर गेलात तर कड्यावरून उलटता. हे सगळं इथे लॅपागणिक बदलत जातं. आपल्या आधीच्या शर्यतीत गाड्या कुठून गेल्या त्यावर आपला ट्रॅक ठरतो. पंख मागे-पुढे सरकवायचं बटण आहे. ट्रॅक सुकला की तो मागे न्यायचा म्हणजे मागच्या चाकांवर दाब येतो. हेल्मेटच्या काचेवरचा चिखलाचा पापुद्रा ओढून काढायलाही बटण आहे, आणि ते लागतंच.

इथे एक गोष्ट मला स्टँडमधून कधीच कळली नव्हती. पंधरा-सोळा सेकंदांच्या लॅपमध्ये विचाराला जागाच नसते. आउटलॉजच्या शर्यतीत ड्रायव्हरच्या कानात टीमचा आवाजही नसतो. अधिकाऱ्यांची सूचना तेवढी ऐकू येते, बाकी टीमवाले आतल्या बाजूला उभे राहून हातांनी खुणा करतात. तीस लॅप माणूस एकटा असतो आणि त्याचं शरीर निर्णय घेतं. जे बरोबर ते शरीर इतक्या वेळा करतं की ते मुरतं.

आठ महिन्यांनी, मातीवर मला बऱ्यापैकी जमायला लागलं तेव्हा मी कप गाडी घेतली आणि आयोवा स्पीडवे उघडला.

आधी परवान्याबद्दल सांगते, कारण या सेवेतली ही व्यवस्था मला फार आवडते. रुकी, मग डी, सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. तुम्ही किती वेळा घसरलात, किती जणांना धडकलात याचे गुण जमत जातात, त्यावर सुरक्षिततेचा आकडा ठरतो आणि त्यावर बढती. पण मातीच्या ओव्हलचा परवाना वेगळा आणि डांबराच्या ओव्हलचा वेगळा. मातीवर मी बी पर्यंत पोचले होते. डांबरावर मी रुकी. पुन्हा तळाच्या साध्या गाड्या, पुन्हा नवशिक्यांच्या गर्दीत पहिल्या वळणात होणारे ढीग. नंतर लक्षात आलं की हेच तर खरं आहे. मातीवरून कपमध्ये गेलेल्या काइल लार्सनने सप्टेंबर २०११ मध्ये एल्डोराच्या मातीवर एकाच रात्री मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन अशा तीन वेगवेगळ्या गाड्यांच्या तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि पुढच्या वर्षी तो के अँड एन ईस्ट मालिकेत, स्टॉक कारच्या खालच्या पायरीवर उभा होता. (ती मालिका त्याने त्याच वर्षी जिंकली, पण पायरी चुकली नाही.)

एकट्याने सराव करायला मात्र परवाना आड येत नाही. विकत घेतलेली कुठलीही गाडी तुम्ही कुठेही चालवू शकता. म्हणून मी थेट कप गाडी घेऊन न्यूटनला उतरले.

सात-अष्टमांश मैलाचा ट्रॅक, कप गाडीची लॅप साधारण २३ सेकंदांची. गाडी रिकामीच ३,२०० पौंडांच्या पुढे आणि ताकद तेव्हा ६७० हॉर्सपॉवर. म्हणजे दुपटीहून जास्त वजन आणि कमी जोर. मला वाटलं, ही तर मवाळ असणार. पहिल्याच वळणात मी सवयीप्रमाणे पाय उचलला, नाक आत घातलं आणि लगेच पाय दाबला. मागची बाजू सुटली. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. हातांनी स्टिअरिंग उजवीकडे नेलं आणि ते तसंच धरून ठेवलं, कारण मातीवर त्याच स्थितीत गाडी पुढे जाते. डांबरावर टायरने अचानक पकड घेतली. आणि पुढची चाकं त्या क्षणी जिकडे बघत होती तिकडे, म्हणजे उजवीकडे, गाडी सरळ भिंतीत शिरली.

मी ते त्या रात्री अकरा वेळा केलं. मला ठाऊक होतं काय चुकतंय, तरी हात तेच करत होते.

मला माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर तिथे मिळालं. सर्वांत वेगवान स्प्रिंट कार ड्रायव्हरच्या हातात काही कमी नसतं. त्याच्या हातात नको तितकं भरलेलं असतं, आणि ज्या गोष्टीने त्याला मोठं केलं तीच तिथे भिंतीत नेते. नॉक्सव्हिलमध्ये स्टीव्ह किन्सरचं नाव काढलं की लोक अजूनही आवाज खाली आणतात. आउटलॉजची २० अजिंक्यपदं, नॉक्सव्हिल नॅशनल्सचे १२ विजय. १९९४ मध्ये त्यांनी टॅलाडेगाला आयरॉकची, म्हणजे सगळ्यांना सारख्याच स्टॉक कार देणाऱ्या मालिकेतली, शर्यत जिंकली, म्हणजे स्टॉक कार त्यांना चालवता येत होती यात शंकाच नाही. १९९५ ला केनी बर्नस्टाइनच्या टीमकडून ते कपमध्ये गेले. पाच शर्यती धावले आणि तो प्रवास तिथेच थांबला. ते परत मातीवर आले आणि पुन्हा जिंकू लागले. हे मी आधीही वाचलं होतं आणि "नशीब नव्हतं" म्हणून सोडून दिलं होतं. अकरा वेळा भिंतीत गेल्यावर मला पाच शर्यती किती थोड्या असतात ते कळलं. तेव्हा त्यांचं वय चाळिशीचं होतं, आणि पंधरा-वीस वर्षांचं मुरलेलं पाच शर्यतींत बाजूला ठेवायचं होतं.

भिंत टळायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर जास्त अवघड गोष्ट समोर आली: टायर. पहिल्या चार लॅप मी छान जायचे. दहाव्या लॅपपासून गाडी वळायला नकार द्यायची, पंधराव्याला मी सेकंदभर मागे पडलेली. कारण मी अजूनही थोडी, अगदी थोडी, सरकवतच होते. मातीवर सरकणं हाच वेग. डांबरावर सरकलेला प्रत्येक इंच टायर तापवतो, तापलेला टायर पकड सोडतो, पकड सुटली की अजून सरकतं. कपच्या शर्यती ३५०, ४०० लॅपच्या असतात, शार्लटची कोका-कोला ६०० तर ६०० मैलांची. नॉक्सव्हिल नॅशनल्सची अंतिम शर्यत ५० लॅपची. मातीवर सगळं आत्ता खर्च करायचं, डांबरावर पन्नास लॅपनंतरसाठी राखून ठेवायचं.

मी स्टिअरिंगच्या मधोमध एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर एकच शब्द: थांब. ब्रेक लाव, गाडीला वळणाच्या पोटातून वाहू दे, थांब, अजून थांब, नाक सरळ व्हायला लागलं की मग पाय. "अजून थांब" हा जो अर्धा सेकंद आहे, तो मातीवर वाढलेल्या माणसाला हातातून शर्यत निसटल्यासारखा वाटतो. मी फक्त आठ महिने मातीवर होते आणि मला तो सहन होत नव्हता.

आयरेसिंग इथे उत्तम शिक्षक आहे. आपल्यापेक्षा वेगवान माणसाच्या लॅपची नोंद उघडून त्याने पाय कुठे उचलला, कुठे दाबला ते बघता येतं. हवेचा परिणामही मला खरा वाटला: पुढच्या गाडीच्या अगदी मागे गेलं की आपल्या नाकावरचा दाब जातो, गाडी बाहेर वाहते, आणि रेषा बदलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्पॉटरचा, म्हणजे वरून ट्रॅक बघून सूचना देणाऱ्याचा, आवाज सतत कानात असतो, आत कोणी आहे, बाहेर मोकळं आहे. पहिले काही दिवस त्या आवाजाने माझी एकाग्रता मोडायची. एकटेपणाची सवय असलेल्या ड्रायव्हरला तिथे आधी ऐकायला शिकावं लागतं, आणि मग सांगायलाही: गाडी वळणात शिरताना बाहेर जाते, की मधे, की निघताना, हे क्रू चीफला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, नेमक्या शब्दांत सांगायचं, म्हणजे तो पिट स्टॉपला काय बदलायचं ते ठरवतो. स्प्रिंट कारमध्ये हे दोन शर्यतींच्या मधे, गाडीशेजारी उभं राहून होतं. कपमध्ये ते शर्यत चालू असताना रेडिओवर होतं.

होमस्टेडचं वेगळं सांगायला हवं. तिथे मला पहिल्यांदा माझी माती उपयोगी पडली. मियामीजवळच्या या ट्रॅकवर वरची, भिंतीला चिकटलेली रेषा वेगवान असते आणि लार्सन तिथे भिंतीपासून इंचा-इंचावरून गाडी नेतो. २०२२ आणि २०२५ ला तो तिथे जिंकला. टीव्हीवर बघताना ते धाडस वाटायचं. सिम्युलेटरवर मी वर गेले आणि हातांनी लगेच ओळखलं: हा कुशन आहे. मातीच्या कड्याऐवजी भिंतीजवळची हवा, एवढाच फरक. बोटभर आत, बोटभर बाहेर, तोच हिशोब. सगळंच विसरायचं नसतं, काय ठेवायचं हे ट्रॅकप्रमाणे निवडायचं असतं, हे मला तिथे सापडलं. ब्रिस्टलवर माती टाकून कपची शर्यत झाली त्यातली २०२३ ची ख्रिस्तोफर बेल जिंकला, मिजेटची चिली बोल ही मातीवरची मोठी शर्यत ओळीने तीनदा जिंकलेला ओक्लाहोमाचा मुलगा. तिथे तर सगळंच ठेवायचं होतं.

मग मातीवरूनच येऊन कपमध्ये जिंकलेले जेफ गॉर्डन? टोनी स्टुअर्ट? गॉर्डन तेराव्या वर्षी स्प्रिंट कारमध्ये बसला. त्याच्या घरच्यांनी त्यासाठी कॅलिफोर्निया सोडून इंडियाना गाठलं. १९९० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो रॉकिंगहॅमला बक बेकर यांच्या स्टॉक कार शाळेत गेला. पुढे कपमध्ये ४ अजिंक्यपदं आणि ९३ विजय. स्टुअर्टने १९९५ ला यूसॅक या संस्थेच्या मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन तिन्ही मालिका एका वर्षात जिंकल्या, नंतर इंडी कारमध्ये गेला, आणि १९९९ ला कपच्या पहिल्याच वर्षी तीन शर्यती जिंकला. माझं निरीक्षण असं की या दोघांचे हात एकाच गाडीत मुरले नव्हते. मिजेट, सिल्व्हर क्राउन, पंखाशिवायची स्प्रिंट, थोडी माती, थोडं डांबर. पंख नसलेली स्प्रिंट कार मी इथे चालवून पाहिली, आणि तिच्यात पाय दाबायला वाट पाहावीच लागते. ती डांबराच्या जास्त जवळची आहे. ज्यांना हा प्रवास समजून घ्यायचा आहे त्यांनी ती गाडी नक्की घ्या, मला ती उशिरा सुचली.

आता या सेवेतून जे कळत नाही त्याबद्दल. शरीरावर येणारा भार नाही, केबिनमधली उष्णता नाही, आणि मुख्य म्हणजे भीती नाही. भिंतीत गेले की एक बटण दाबते आणि नव्या गाडीत बसते. खऱ्या कपच्या आठवड्यात सराव वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. मला तीन आठवडे मिळाले, तेही तळघरात, कोणी बघत नसताना. जो मुलगा मातीवरून वर जातो तो आपल्या अकरा भिंती टीव्हीवर खातो, आणि प्रत्येक भिंतीची किंमत कोणीतरी मोजत असतो.

पैसा तर यात कुठेच नाही. ब्रायन क्लॉसनची गोष्ट मला म्हणून सतत आठवते. गनासी टीमने त्याला मातीवरून उचललं. जुलै २००८ मध्ये डेटोनाला नेशनवाइड या कपच्या खालच्या मालिकेत त्याने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा, घेतली. तो एकोणीस वर्षांचा होता. प्रायोजक मिळाला नाही आणि ती गाडी बंद झाली. तो मातीवर परतला आणि तिथे राजा झाला. २९ मे २०१६ ला त्याने दुपारी इंडियानापोलिस ५०० मध्ये तीन लॅप आघाडी घेतली आणि त्याच रात्री कोकोमोला जाऊन स्प्रिंट कारची शर्यत जिंकली. ऑगस्टमध्ये बेलव्हिलच्या अपघातात तो गेला, सत्तावीस वर्षांचा. त्याच्या अवयवांनी पाच माणसांना जगवलं. नॉक्सव्हिलच्या म्युझियमला लागून त्याच्या नावाचा टॉवर आहे, मी दर शनिवारी त्याच्या सावलीतून आत जाते. क्लॉसनच्या हातांना डांबर जमत होतं, पोल त्याचा पुरावा. सिम्युलेटर हातांपुरतंच शिकवतो.

उलट्या दिशेचंही एक उदाहरण आहे आणि ते या सेवेच्या बाजूने सांगायलाच हवं. २०२५ ला न्यूटनची कप शर्यत विल्यम बायरन जिंकला, ज्याची सुरुवात याच आयरेसिंगवर झाली. पहिल्या वर्षी मातीच्या राजाचा मुलगा, दुसऱ्या वर्षी संगणकावर शिकलेला मुलगा, एकाच ट्रॅकवर. आमचे शेजारी तेव्हाही माझ्या बाजूलाच होते. त्यांना बायरनचं मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, मला एकदा तुझ्या तळघरात बसू देशील का. ते बसले. नॉक्सव्हिलच्या पहिल्या लॅपला त्यांचे डोळे भरून आले होते. चाकं त्यांनी पुष्कळ बदलली, वळण आतून कधीच पाहिलं नव्हतं.

या वर्षी माझं सगळं लक्ष कोरी डेकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या क्लोव्हिसचा, वय वीस, पंखाच्या स्प्रिंट कारमध्ये लहान वयात मोठ्यांना हरवलेला. हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सने त्याला घेतलं, २०२५ मध्ये कपच्या खालच्या ट्रक आणि एक्सफिनिटी मालिकांच्या निवडक शर्यती दिल्या, आणि २०२६ ला ओ'रायली मालिकेत (एक्सफिनिटीचंच नवं नाव) पूर्ण हंगाम. मागच्या वर्षी त्याच्या धडकांवर लोक फार तुटून पडले. मी त्या बघितल्या तेव्हा मला काही ठिकाणी ओळखीचे हात दिसले, पाय अर्धा सेकंद आधी पडलेला. त्याला वेळ मिळतो आहे याचं मला मनापासून बरं वाटतं. किन्सरना तो मिळाला नव्हता.

घ्यावं का? स्प्रिंट कार बघणाऱ्यांनी जरूर घ्यावं. निदान सहा महिन्यांसाठी, आणि मातीचे तीन-चार महिने पूर्ण केल्याशिवाय डांबराला हात लावू नये, नाहीतर विसरायला काहीच नसेल आणि या प्रवासातलं मुख्य तेच हुकेल. रिग नसेल तर साधं स्टिअरिंग आणि पेडल चालतात. फक्त ब्रेकचं पेडल बऱ्यापैकी घ्या. शर्यती बघायला न आवडणाऱ्याला यात काही सापडेल असं मला वाटत नाही.

डिसेंबरमध्ये, कप गाडीत तीन महिने सलग काढल्यावर, मी पुन्हा नॉक्सव्हिलला ४१० घेऊन उतरले. लॅपमागे अर्धा सेकंद मंद. नोंद उघडून बघितली: वळणाच्या तोंडाशी मी ब्रेक लावत होते, आणि मधे थांबत होते. लार्सनने २०२१ च्या ऑगस्टमध्ये नॉक्सव्हिल नॅशनल्स आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कपचं अजिंक्यपद जिंकलं. २०२३ आणि २०२४ ला नॅशनल्स पुन्हा जिंकली, २०२५ ला दुसरं कप अजिंक्यपद मिळवलं. एकाच आठवड्यात दोन्ही गाड्यांतून उतरणारा माणूस. हे आकडे मला आधीपासून पाठ होते.

सुट्टीत मुलगा घरी आला होता. तळघरात गेला आणि वरूनच ऐकू आलं, "आई, स्टिअरिंगवर हे काय लिहिलंयस?" मी म्हटलं, डांबरावर असशील तर राहू दे, मातीवर जाणार असशील तर काढून ठेव. थोड्या वेळाने खाली गेले तेव्हा तो नॉक्सव्हिलच्या चौथ्या वळणात उलटा पडला होता, आणि चिठ्ठी बाजूच्या टेबलावर नीट काढून ठेवलेली होती.